आत्याची लादी

आमच्या गावाला विमानतळ होता असं मी वर्गात सांगतो तेव्हा मागच्या बाकावरून हमखास हसू ऐकू येतं. पोरांचं काही चुकत नाही. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षात एका मांडीवर तोल सांभाळत शाळेत येणाऱ्यांना, भिवंडीत कधीकाळी विमान उतरायला जागा होती हे कसं पटावं? इथे टेम्पो वळवायचा तर चार माणसांना दुकानाच्या पायरीवर चढावं लागतं. पण विमानतळ होता. लढाईच्या काळात इंग्रज सरकारने आमच्या आणि शेजारच्या दोन गावांची भातशेती ताब्यात घेतली, खाडीच्या अंगाला भराव टाकला आणि काँक्रीटची एक सरळसोट धावपट्टी बांधली. साहेबाला जपानशी लढायचं होतं आणि त्यासाठी माझ्या आजोबांचं शेत लागत होतं. जपान्यांना याची कल्पना होती की नाही, कोण जाणे.

आजोबांनी त्याच धावपट्टीवर खडी वाहिली. स्वतःच्या शेतावर खडी टाकायची मजुरी घेतलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांना त्याचा अभिमानही होता. "आमी व्हतो म्हून इंग्रजाची पट्टी झाली," असं ते शेवटपर्यंत सांगत. शेत गेल्याचं काय वाटलं, असं विचारलं की ते यंदाच्या बोंबलांवर बोलायला लागत.

तिथे विमानं किती उतरली यावर गावात आजही एकमत नाही. वरच्या आळीच्या मते रोज उतरत. खालच्या आळीच्या मते एकच उतरलं, तेही चुकून, आणि पट्टी सोडून चिखलात रुतल्यावर ते ओढायला आमचेच बैल लागले. मी खालच्या आळीचा असल्यामुळे माझा बैलांवर विश्वास आहे.

लढाई संपली, साहेब गेला. धावपट्टी कागदावर लष्कराचीच राहिली. म्हणजे एक गंजलेली पाटी राहिली, आणि पाटीला राखायला एक चौकीदार, जो दुपारी आमच्याच ओट्यावर झोपायचा. लष्कराने सोडलेल्या बाकीच्या गोष्टींचं पुनर्वसन गावाने सरकारची वाट न बघता उरकलं. चिखलात विमान रुतू नये म्हणून अंथरलेले भोकाभोकांचे लोखंडी पत्रे गोठ्यांची फाटकं झाले. गटारावरचे पूल झाले. एका पत्र्यावर उभं राहून मी दहावीपर्यंत आंघोळ केली आणि तळपायावर भोकांची नक्षी घेऊन शाळेत गेलो. काँक्रीटच्या चौकोनांमधल्या फटीत डांबर भरलेलं होतं. उन्हाळ्यात ते मऊ झालं की आम्ही पोरं खरवडून चघळायचो, आणि आमच्याकडून उरलेलं डांबर आजोबा होडीच्या बुडाला फासायचे. एका महायुद्धाचा एवढा बारीक हिशेब दुसऱ्या कुणी लावला नसेल.

सायकल, स्कूटर, ट्रॅक्टर, पुढे पुढे मारुती, आमच्या भागातल्या सगळ्या माणसांनी गाडी चालवायला तिथेच शिकून घेतली. त्यामुळे आमची माणसं सरळ फार चांगली चालवतात. शेलार गावाच्या बाजूने येताना पहिलं वळण लागलं की त्यांचा गोंधळ होतो. माझे वडील स्कूटरवरून वज्रेश्वरीला निघायचे तेव्हा आई मागे बसून प्रत्येक वळणावर देवीचं नाव घ्यायची, आणि देवळापर्यंत तिचा जप आपोआप पूर्ण व्हायचा.

पण धावपट्टीचा खरा उपयोग होता भात वाळवायला. दिवाळीनंतर झोडणी झाली की भात पसरायला कोरडी, सपाट जागा लागते. पूर्वी घरोघर शेणाने सारवलेलं खळं करत. आता गावाजवळ एवढं लांबरुंद सिमेंटचं खळं फुकट पडलेलं असताना शेण कोण कालवणार? बायकांनी एकेक चौकोन धरला. त्या चौकोनाला आमच्याकडे लादी म्हणतात. लादी म्हणजे फरशीचा तुकडा, पण आमची लादी पंधरा पावलं लांब आणि तेवढीच रुंद. भात, पापड, मिरची, उन्हाळ्यात सुकट आणि बोंबील, सगळं लादीवर वाळायचं. आणि तिच्या मालकीचा एकच नियम होता. जी बाई पावसाळ्यानंतर लादीवरचं शेवाळ खरवडून, झाडून ती साफ करते, तिची लादी. तिच्यानंतर जी खराटा हातात घेईल तिची. सून असो, लेक असो, जाऊ असो.

आमच्या गावात बाईकडून बाईकडे गेलेली ही एकच मालमत्ता. पुरुषांनी ती जाऊ दिली, कारण ती मालमत्ता आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जिला सातबारा नाही ती जमीन त्यांना दिसत नाही. लादीवर पुरुष जायचा तो पोतं उचलायला, आणि कुठली लादी आपली हे त्याला लांबून दिसणाऱ्या बायकोच्या लुगड्यावरून कळायचं.

आमच्या घरची लादी आत्याकडे होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा वारला आणि ती माहेरी परत आली ती कायमची. माझी आई भिवंडी शहरातली, यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली. उन्हात भात परतणं तिला शिक्षा वाटायची. आजीचा खराटा आत्याने उचलला. तेव्हापासून गावभर त्या चौकोनाला आत्याची लादी म्हणतात. वाटेल त्या वयाचं माणूस तिला आत्याच म्हणतं. परवा बँकेतला बिहारी शिपाईसुद्धा म्हणाला, "आत्या, इधर अंगूठा नहीं, साइन करो."

तिला सही येते. ती मी शिकवली, आणि सांगायला लाज वाटते, पण कशासाठी तेही सांगतो. मी अठरा वर्षांचा असताना वडिलांनी तिला भिवंडीच्या कचेरीत नेलं. उरलेल्या शेतीवरचा हक्क बहिणीने भावासाठी सोडायचा, हा आमच्याकडचा रिवाज. भाऊ साडी घेतो, बहीण सही करते, सगळे मिसळ खाऊन घरी येतात. आदल्या दिवशी मी तिच्याकडून पाटीवर सही गिरवून घेतली होती आणि कचेरीत कागदावर बोट ठेवून "आत्या, इथे" असं मीच दाखवलं होतं. सही छान आली. मला फार कौतुक वाटलं, माझंच.

पुढे त्या शेतीवर गोदाम झालं. आमच्याकडे आता पिकतं ते गोदामच. देशात कुणीही कुठेही मोबाईलवर बोट दाबून चपला मागवल्या तरी त्या एक रात्र भिवंडीत मुक्काम करून जातात. गोदामाच्या जोरावर आमचा बंगला झाला, दारात दोन सिंह बसले. सिंहांची तोंडं करणाऱ्या कारागिराने सिंह पाहिलेला नसावा. ते म्हशींकडे झुकतात. बंगल्यात आत्याला खोली मिळाली ती मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या मशीनशेजारी. कुणी विचारलं तर आम्ही सांगायचो, आत्या आमच्याकडे अगदी राणीसारखी आहे. राणीला मात्र दिवसातून दहा वेळा उठावं लागायचं. सोफ्यावर पाहुणे आले की "आत्या, जरा आत बसा." आत मशीन लावलं की "आत्या, जरा बाहेर बसा." हळदीचा मांडव पडला की तिची खाटच उचलायची. यातलं कुणी तिला वाईट बोलत नव्हतं. माझी बायको तर अहो-जाहो करायची.

एकदा मी शाळेतून येताना लादीवर थांबलो. आत्या सुकट पसरून शेजारी पाय लांब करून बसली होती. मी म्हटलं, "एवढ्या उन्हात कशाला बसतेस? घरी पंखा आहे."

"हितं कोनी उठ म्हनत न्हाय," ती म्हणाली. "मना दुसरं काय नको बाला. मरताना अशी एक जागा पायजे, जिथं बसली की बसली."

मी हसलो. काय बोलावं सुचलं नाही की मी हसतो.

मग काही वर्षांपूर्वी बातमी आली की धावपट्टी सुटली. लष्कराला ती नको होती. बहुधा आपल्याकडे ती आहे हेही त्यांना कुणीतरी सांगावं लागलं असेल. तिथे एक कंपनी गोदामांची मोठी वसाहत बांधणार होती. जमीन कुणाची यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, मोर्चे निघाले, पुढाऱ्यांनी नारळ फोडले. ते सगळं मला नीट समजलेलं नाही आणि ज्यांना समजलंय ते बोलत नाहीत. आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच: धावपट्टीवर वर्षानुवर्षं ज्यांची वहिवाट आहे, त्या प्रत्येकाला वसाहतीच्या कडेला रस्त्यालगत एक गाळा मिळेल. एका लादीला एक गाळा.

त्या दिवशी आमच्या गावातल्या पुरुषांना लादी दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे धावपट्टीवर हजर. कुणी खुर्ची आणली, कुणी खाट, एकाने तर फ्रिजचं खोकं आणून ठेवलं आणि त्यावर बसून राहिला. वहिवाट दाखवायची म्हणून कुणीतरी ऑइलपेंट आणला, आणि बघता बघता प्रत्येकजण लादीवर आपलं नाव रंगवायला लागला. अडचण एकच होती. आपली लादी कुठली, हे कुणालाच माहीत नव्हतं. बायकांना विचारायचं तर कमीपणा. मग अंदाजपंचे कारभार. माझा एक चुलतभाऊ तीन दिवस दुसऱ्याच आळीच्या लादीवर खाट टाकून झोपला. एका लादीवर सहा नावं पडली, सहाही जण एकमेकांकडे पाठ करून बसले. मधल्या चांगल्या सपाट लाद्या कोऱ्या राहिल्या, कारण त्यांच्या मालकिणींचे नवरे पलीकडे भांडत होते. बायका बांधावर उभ्या राहून बघत होत्या आणि पदरात तोंड लपवून हसत होत्या.

मला हसू आलं तेही जरा वरचढपणाचं. मी मास्तर. आणि मला आमची लादी बरोबर माहीत होती. लहानपणी कावळे हाकायला आत्या मला तिथेच बसवायची. मी सरळ जाऊन बाभळीजवळच्या त्या लादीवर सुबक अक्षरांत नाव रंगवलं. माझं. मुलाला मोबाईलचं दुकान काढायचं होतं, बायकोने गाळ्याच्या रंगाचा विचारही सुरू केला होता. आत्याचं नाव घालावं असं मनात आलं का? खरं सांगायचं तर आलंच नाही. घरची लादी, घरातला कर्ता मी. गावात अख्ख्या धावपट्टीवर आपणच बरोबर जागी नाव लिहिलं याचा मला इतका आनंद झाला होता की दुसरं काही शिरायला डोक्यात जागा नव्हती.

संध्याकाळी आत्या खराटा घेऊन गेली आणि परत आली. रात्री जेवताना म्हणाली, "अक्षर छान काढलंस. रंग वाळला नव्हता, कडंकडंनं झाडलं." मी भात कालवत राहिलो.

पंधरवड्याने मोजणीला साहेब आला. कोल्हापूरकडचा, चाळिशीचा, उन्हाने वैतागलेला. सोबत तलाठी आणि यादी. सहा नावांची लादी बघून त्याने टोपी काढली, डोकं पुसलं आणि टोपी परत घातली. म्हणाला, "तुम्हीच ठरवा कुणाची कुठली. मी चार वाजता जाणार." मग जे व्हायचं तेच झालं. आवाज चढले. साक्षीदार पुढे आले, आणि आमच्याकडे साक्षीदार कमी पडत नाहीत. एकाने आजोबांची शपथ घेतली, दुसऱ्याने त्याच आजोबांची उलटी घेतली.

आत्या बायकांसाठी पाण्याची कळशी घेऊन आली होती. ती पुढे झाली आणि साहेबाला म्हणाली, "पानी वत लादीवर."

"काय?"

"ही पट्टी दिसते सपाट, पन न्हाय. कुठली लादी बसलेली हाय, कुठली फुगलेली. हरेक लादीवर पानी येगल्या अंगाला जातं. जिनं भात वालवलं तिला म्हाईत, कुठला कोपरा वला ऱ्हातो. इचार एकेकाला, पानी कुठं जाईल. मंग वत."

साहेबाने तिच्याकडे बघितलं, मग लादीकडे. शेतकऱ्याच्या घरातला असावा. तो पहिल्यांदा हसला. "चालेल," म्हणाला. "ज्याचं उत्तर बरोबर, त्याचं नाव. नवरा-बायको मला माहीत नाही. जो सांगेल तो."

पुरुषांना यात धोका दिसला नाही. पाणी कुठे जातं हे काय सांगायचं? सरपंचाचा भाऊ छाती काढून पुढे आला. खाडीकडे बोट करून म्हणाला, "खाडीकडं. दुसरीकडं कुठं जानार?" साहेबाने बादली ओतली. पाणी थोडं खाडीकडे सरकलं, थांबलं, वळलं आणि शांतपणे सरपंचाच्या भावाच्या पांढऱ्या बुटांखाली येऊन बसलं. त्याच्या बायकोने बांधावरूनच आधी सांगितलेलं होतं. साहेबाने तिचं नाव लिहिलं. "अरे पण ती माझीच बायको," तो म्हणाला. "असू दे की," साहेब म्हणाला.

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. एकेक पुरुष यायचा, आकाश बघायचा, झाडं बघायचा, उकिडवा बसून काँक्रीटला डोळा लावायचा आणि चुकायचा. एकेक बाई यायची आणि न बघता सांगायची. एकजण म्हणाली, "दोन वाटा फुटतील, उजवी आधी सुकंल." फुटल्या, आणि उजवी आधी सुकली. एका म्हातारीला दिसत नव्हतं. तिला नातीने हाताला धरून लादीवर उभं केलं. तिने अनवाणी पायाने चाचपलं, म्हणाली, "ही माजी न्हाय, माजी पलीकडची," आणि पलीकडच्या लादीवर जाऊन पाणी जाणारी जागा पायाच्या अंगठ्याने दाखवली. त्या सहा नावांच्या लादीवर सातवंच, एका बाईचं नाव चढलं. गावातले सगळे बाप्ये बाभळीखाली गोळा होऊन विड्या ओढायला लागले. बारा वाजेपर्यंत यादी सगळी बायकांची झाली होती.

मग आमची लादी आली. साहेबाने रंगवलेलं नाव वाचलं, आणि मला पुढे बोलावलं. आत्या कळशी कडेवर घेऊन दोन पावलांवर उभी होती.

"मास्तर, पाणी कुठे जाईल?"

इथे मला गप्प बसता आलं असतं. चुकीचं सांगता आलं असतं. पण उत्तर येत असलं की मास्तराच्या जातीला गप्प बसवत नाही, ही माझ्या स्वभावातली खोट आहे, आणि त्या दिवशी त्या खोटीला गाळ्याची हावही मिळाली होती. मी खडाखडा सांगितलं. आधी खाडीच्या बाजूला निम्म्यापर्यंत जाईल, मधल्या तड्यापाशी अडेल, तिथून मागे फिरेल आणि बाभळीकडच्या कोपऱ्यात परातीएवढं साचेल. त्या कोपऱ्यातलं भात दोनदा परतावं लागतं.

साहेबाने बादली ओतली. पाणी निम्म्यापर्यंत गेलं, तड्यापाशी अडलं, मागे फिरलं आणि बाभळीकडच्या कोपऱ्यात साचलं. बाप्यांच्या घोळक्यातून टाळ्या पडल्या. सकाळपासून जिंकलेला पहिला पुरुष मी.

साहेब आत्याकडे वळला. "आजी, तुमचाही हक्क आहे म्हणतात इथे. तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हननार? बरोबर सांगितलं त्यानं," आत्या म्हणाली. तिचा चेहरा खरोखर खुलला होता. "दोनदा परतायला लागतं हेबी ध्यानात हाय त्याच्या. मीच शिकवलंय."

"मग तुमची हरकत नाही? तसं असेल तर इथे सही करा."

तलाठ्याने कागद पुढे केला. आत्याने कळशी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि पेन घेतलं. कुठे सही करायची ते तिला दिसेना. तिने सवयीने माझ्याकडे बघितलं, मी बोट ठेवावं म्हणून. मी जागचा हललो नाही. तेव्हा तिला वाटलं मी संकोचलोय, आणि माझी समजूत घालायला ती म्हणाली, "दाव की. सवय हाय मना सह्या करायची."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोललो असतो, मला ते चांगलं जमतं. तिने ते अगदी साधेपणाने म्हटलं, आणि माझे कान तापले. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही वाटलेली नाही. कचेरीतलं ते टेबल, माझं बोट, मिसळ, सगळं एकदम अंगावर आलं.

मी म्हटलं, "साहेब, लादी तिची आहे. नाव खोडा."

"अहो, पण उत्तर तुम्ही बरोबर दिलंत."

"उत्तरही तिचंच आहे."

माझ्या बायकोने बांधावरून माझ्याकडे जे बघितलं त्याचं वर्णन मी करत नाही. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात माझ्याशी फक्त वॉशिंग मशीन बोललं. मुलगा अजूनही मधूनमधून दुकानाचा विषय काढतो. मी काही फार थोर केलं असं कुणी समजू नये. त्या रस्त्याने जाताना गाळ्याची रुंदी आजही माझ्या डोळ्यांत भरते.

साहेबाने माझं नाव खोडलं. "आजी, पूर्ण नाव सांगा."

मीच सांगायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं. रेशनकार्डावर तिचं सासरचं नाव होतं, लग्नात ठेवलेलं. ते मला माहीत होतं, सही मी त्याच नावाची शिकवली होती. पण त्या नावाने तिला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्याआधीचं नाव? आमच्या घरात तिला आत्या म्हणायचे, वडील 'बाय' म्हणायचे. गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी भरून दिलेत, त्यांच्या आज्यांची नावं मला पाठ आहेत. हिचं मला ठाऊक नव्हतं.

"कुठलं सांगू?" तिने साहेबाला विचारलं.

"कागदावर असेल ते."

"कागदावर सासरचं हाय. ते तीनच वरसं वापरलं." ती जरा थांबली. "माजं पयलं नाव हाय. बापानं ठेवलेलं. ते लिहिशील काय?"

तलाठी म्हणाला, दोन नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र लागेल. साहेब म्हणाला, मास्तर करून देतील. मी मान हलवली.

तिने नाव सांगितलं. बांधावर बसलेल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम वर बघितलं. एकीने ते नाव पुन्हा उच्चारलं, हाक मारल्यासारखं, आणि आत्याने "ओ" दिली. त्या दोघी तिच्याबरोबर लहानपणी सागरगोटे खेळायच्या, असं नंतर कळलं. मी चौपन्न वर्षांचा होतो आणि माझ्या आत्याचं नाव पहिल्यांदा ऐकत होतो. माझं नाव तिच्या पायाखाली ऑइलपेंटमध्ये वीतभर अक्षरांत चकाकत होतं.

प्रतिज्ञापत्राला मला भिवंडीच्या त्याच कचेरीत चार हेलपाटे पडले. चौथ्या खेपेला कारकुनाने विचारलं, एवढं कशाला, सासरचं नाव टाका की. मी त्याच्यावर ओरडलो. त्या कचेरीत ओरडायला मला जरा उशीरच झाला होता.

धावपट्टी आता नाही. यंत्रांनी ती आठवडाभर फोडली. इंग्रजाच्या काँक्रीटने दोन यंत्रांचे दात घालवले तेव्हा आजोबांच्या खडीचा मला विनाकारण अभिमान वाटला. तिथे आता पांढऱ्या पत्र्यांची लांबच लांब गोदामं आहेत आणि ट्रक उभे असतात. कडेला गाळ्यांची ओळ. चहावाला, पंक्चरवाला, झेरॉक्सवाला, आणि मधे एक सुक्या मासळीचं दुकान, ज्याच्याबद्दल कंपनीने वासाची तक्रार दोनदा लेखी केली आहे. पाटी मी रंगवली, उरलेल्या त्याच डब्यातल्या पेंटने. या लिखाणात मी कुणाचंच नाव घेतलेलं नाही, तिचंही घेत नाही. ज्याला हवं त्याने पाटी वाचावी.

गाळ्यात एकच स्टूल आहे. आत्या खाली पोत्यावर पाय लांब करून बसते. मी शाळा सुटली की जातो, स्टुलावर बसतो, तिला पेपरातलं काहीबाही वाचून दाखवतो. परवा असाच बसलो होतो, बातमी रंगात आली होती, तेवढ्यात दारात एक ट्रकवाला येऊन उभा राहिला.

"उठ रं बाला," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक बसंल."

मी उठलो.